खेमराज१९५६ या डब्यावरील अतिक्रमण

३ जून २०१३, सोमवार

कॉलेजच्या प्रयोगशाळेने टाकून दिलेल्या या रजिस्टरात आजपासून रोजनिशी लिहायला घेतो. कारण एकच, संताप. तो पोटात ठेवला की मला पित्त होतं.

महागाई भत्त्याचा तक्ता पाहायचा होता. दोन ओळींचा तक्ता. कर्मचाऱ्यांच्या एका वेबसाइटवर तो आहे असं ऑफिसात कळलं. घरी येऊन संगणक लावला, तर ती वेबसाइट म्हणते आधी सदस्य व्हा, ईमेल द्या. मी भाबडेपणाने दिला. चार दिवसांत त्रेचाळीस मेल. फाडफाड इंग्रजी बोला, टकलावर केस उगवा, नागपूर रोडला प्लॉट घ्या. काल तर एक आला, 'हिरालाल, तुमच्या मनासारखी वधू तुमची वाट पाहत आहे.' नेमकी तेव्हाच कुसुम चहा घेऊन मागे उभी होती.

"मंग, कधी जाता पाहायले?" तिने विचारलं आणि कप ठेवून गेली.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं मी आवक-जावक सांभाळतो. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर असतो, पाठवणाऱ्याचं नाव असतं, उत्तर देण्याची जबाबदारी असते. आणि इथे कोणीही यावं, माझ्या अंगणात कचरा टाकावा आणि चालतं व्हावं, ही कुठली रीत?

५ जून

अतुलचा रायपूरहून फोन आला. संगणक त्यानेच घेऊन दिला, तेव्हा तक्रारही त्याच्याकडेच.

"पप्पा, असल्या साइटले खरा ईमेल कायले देता? कच्चा पत्ता भेटते फुकटात. नोंदणीपुरता वापरायचा, काम झालं का सोडून द्यायचा."

असे कच्चे पत्ते देणाऱ्या चार सेवा त्याने लिहून घ्यायला सांगितल्या. त्यातली चांगली कोणती, ते त्यालाही माहीत नाही. म्हणे, पाहा तुम्हीच. पाहतोच. चारही तपासून, तुलनात्मक तक्ता करून वर्तमानपत्राला पत्र लिहिणार आहे. लोकांना कळलं पाहिजे.

जिथे आपल्या पसंतीचं नाव घेता येईल तिथे 'खेमराज१९५६' घ्यायचं ठरवलं. खेमराज म्हणजे माझे वडील. १९५६ च्या ऑक्टोबरात एकोणीस वर्षांचे बाबूजी गोंदियापर्यंत पायी आणि तिथून गाडीने नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परत आले. तेव्हापासून आमच्या घरात आकडा एकच. सायकलच्या कुलपाला १९५६, ट्रंकेच्या कुलपाला १९५६. अतुल म्हणतो, सगळीकडे तोच नंबर ठेवू नका, कोणीही ओळखेल. ओळखू दे.

८ जून

सेवा क्रमांक एक. हिला मी दहामिनिट्या म्हणतो. पत्ता देते आणि दहा मिनिटांनी मारून टाकते. वर घड्याळ उलटं चालत असतं. आता गोरेगावात पान उघडायलाच सात मिनिटं लागतात, हे तिकडे बसलेल्यांना कोण सांगणार? तीनदा प्रयत्न केला. दोनदा पत्ता मेला आणि तिसऱ्यांदा वीज गेली. ही सेवा ज्यांच्याकडे भारनियमन नाही अशांसाठी आहे, तसं त्यांनी पाटीवर लिहायला हवं होतं.

सेवा क्रमांक दोन, तासवाली. तासभर जगते, पण भत्त्यावाल्या वेबसाइटने तो पत्ता ओळखला आणि 'असा पत्ता चालणार नाही' म्हणून तोंडावर दार लावलं. म्हणजे माझा खरा पत्ता विकायला यांना चालतो आणि मी खोटा दिला की यांचं सोवळं मोडतं.

१२ जून

आज वेगळीच कटकट. कुसुम म्हणते तिला दहावी करायची आहे.

अंगणवाडीत ती चौदा वर्षं मदतनीस आहे. सेविका जमुनाबाई येत्या फेब्रुवारीत निवृत्त होते. मदतनीस दहावी पास असेल तर तिलाच त्या जागेवर घेतात, नाहीतर बाहेरची येते. कुसुमची आठवी झालेली. मुक्त शाळेची नोंदणी संगणकावर होते आणि तिचं केंद्र नेमकं आमच्याच कॉलेजात आहे. ३१ जुलैपर्यंत नोंदणी पक्की झाली तर ऑक्टोबरची परीक्षा, नाहीतर थेट एप्रिलची. हे सगळं तिला जमुनाबाईने सांगितलेलं.

"तेवढा फॉर्म भरून देता का?" ती म्हणाली.

मी समजावून सांगितलं. वय सेहेचाळीस. माझ्याच कॉलेजात, माझ्याच खिडकीसमोर, पोरांच्या रांगेत लिपिकाची बायको उभी राहणार. केंद्राचं काम पाहणारे पटले सर काय म्हणतील, शिपाई काय म्हणेल. शिक्षणाला माझा विरोध असण्याचा प्रश्नच नाही, चौदा एप्रिलला दरवर्षी शिक्षणाच्या महत्त्वावर मीच बोलतो. पण प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते.

"बरं," म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. समजूतदार आहे.

१६ जून, रविवार

तपासणी पूर्ण. सेवा क्रमांक तीनमध्ये मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात आणि बाजूला नको त्या जाहिराती. कुसुम झाडू मारत होती, म्हणून लगेच बंद केली.

सेवा क्रमांक चार मात्र नामी निघाली. तिला मी उघडा डबा म्हणतो. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. नाव टाका की डबा उघडतो, आलेला मेल पाच दिवस राहतो आणि वेबसाइट तो पत्ता मुकाट्याने घेतात. भत्त्याचा तक्ता याच डब्याच्या जोरावर एकदाचा पाहिला. दोष दोन. एक, डब्यात टपाल येतं पण डब्यातून उत्तर पाठवता येत नाही. दोन, तेच नाव दुसऱ्या कोणी टाकलं तर त्यालाही तोच डबा उघडतो, वाचता येतो, पुसताही येतो. पण खेमराज१९५६ कोणाला सुचणार आहे?

तक्त्याच्या खाली लाल शाईने लिहिलं, 'प्रथम क्रमांक उघडा डबा. खरा पत्ता कोणालाही, कधीही देऊ नये.' आणि तो संगणकाच्या वर भिंतीला चिकटवला. कुसुमने बराच वेळ उभं राहून वाचला. घरात निदान एक तरी वाचक मिळाला.

२० जून

कीबोर्डवर हळद. तीही सगळीकडे नाही, वरच्या रांगेत एक, नऊ, पाच, सहा या आकड्यांवरच जास्त. कुसुमला विचारलं तर म्हणाली धूळ पुसताना लागली असेल. धूळ पुसायला हळदीचे हात? शिवाय खुर्चीवर गोधडीची घडी ठेवलेली. मी बसलो तर गुडघे टेबलाला लागले. गोधडी उचलून पलंगावर फेकली. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

२४ जून, सोमवार

हद्द झाली. आज कॉलेजातून येऊन उघडा डबा उघडला तर आत एक मेल, जो मी मागवलेला नाही. विषयाच्या ओळीत इंग्रजीत, 'तुमची नोंदणी पक्की करा, चोवीस तासांत इथे दाबा.' पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं 'प्रवेश विभाग'.

म्हणजे दुसरा कोणी इसम बाबूजींच्या नावाने माझ्या डब्यात टपाल मागवतो आहे. आधी क्षणभर बरंही वाटलं, की भंडाऱ्याकडे किंवा चंद्रपूरकडे आणखी कोणी खेमराज छप्पन साली नागपूरला गेला असेल आणि त्याचा कोणी नातू असेल. पण नातू असला म्हणून काय झालं, डबा आधी मी घेतला.

मेल उघडला नाही. दुसऱ्याचं टपाल वाचणं माझ्या तत्त्वात बसत नाही. न वाचता पुसून टाकला.

२८ जून

पुन्हा तोच मेल. पुन्हा पुसला.

२ जुलै

तिसऱ्यांदा. या पोराची मला आता कीव येते. पोरगाच असणार, प्रवेशाचं काम आहे. ज्या मेलवर आपला प्रवेश अवलंबून आहे तो कच्च्या पत्त्यावर मागवायचा? असले धडे याला देतं कोण? घरात कोणी शहाणं माणूस नाही का, जे सांगेल की बाबा रे, हा पत्ता भत्त्याचा तक्ता पाहायला ठीक आहे, आयुष्याच्या कामाला नाही? आईबाप शिकलेले नसतील. शिकलेले असून लक्ष देत नसतील तर आणखीच वाईट.

पुसला. एकदोनदा अडला म्हणजे शहाणा होईल.

रात्रीच्या जेवणात भाजी करपलेली. कुसुमला विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काई नाई, येक कागद येऊन नाई राहिला." अंगणवाडीचे कागद कधी वेळेवर येतात? तालुक्याच्या ऑफिसला मी चांगलं खरमरीत पत्र लिहून देतो म्हणालो. नको म्हणाली.

७ जुलै, रविवार

चौथा. आज बाजारातून आल्यापासून मी डब्यासमोरच बसून होतो आणि डोळ्यांदेखत आला. पुसला. कुसुम जमुनाबाईकडे जाऊन आली होती, मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "झालं का तुमचं? मले थोडं काम होतं." माझ्या संगणकावर हिचं काय काम? पुसायचंच ना, म्हटलं, उद्या पुस.

९ जुलै

शेवटी कायदेशीर मार्ग धरला. माझ्या खऱ्या पत्त्यावरून खेमराज१९५६ या डब्यालाच पत्र पाठवलं. नक्कल इथे ठेवतो.

'महोदय, आपण जे नाव वापरत आहात ते माझ्या दिवंगत वडिलांचे आहे. आपण त्यांचे कोण आणि आपला त्यांच्याशी काय संबंध, याचा लेखी खुलासा करावा. तोपर्यंत सदर डब्यात येणारे आपले टपाल यापूर्वीप्रमाणेच नष्ट करण्यात येईल, याची नोंद घ्यावी. हिरालाल खेमराज शहारे.'

पाठवल्यावर पोटातलं पित्त उतरल्यासारखं वाटलं.

१० जुलै

संध्याकाळी कुसुम भाकरी वाढता वाढता थांबली.

"येक विचारू? मामाजीचं नाव घ्यायले कोनाकोनाले हक हाय?" सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात.

"वारसांना," मी म्हणालो.

"म्हंजे तुमाले."

"मला, अतुलला. कायद्याने तसंच आहे. पण काऊन विचारते?"

"असंच." मग उरलेल्या दोन भाकरी तिने स्वतःच्या ताटात न घेता टोपलीत झाकून ठेवल्या.

बाबूजींचा विषय निघाला की ती अशीच वागते. शेवटची तीन वर्षं त्यांना लकवा होता. अंघोळ, औषध, पाठ शेकणं, सगळं तिनेच केलं. दुपारभर ती त्यांना पेपर वाचून दाखवायची, आणि ती अडली की ते तोंड वाकडं असतानाही शब्द बरोबर करून द्यायचे. एकदा मला म्हणाले होते, हिची दहावी राहिली आहे, विसरू नको. तेव्हा ते बरंच काही बरळायचे.

१५ जुलै

पत्राचा गुण आला. सहा दिवस झाले, डब्यात एकही परका मेल नाही. अतिक्रमण हटलं. ठणकावून लिहिलं की कामं होतात, हे मी कॉलेजात किती वर्षं सांगतो. वर्तमानपत्राच्या लेखात हा अनुभवही घालणार.

२२ जुलै, सोमवार

आता मोबाइलही सुरक्षित नाही. दुपारी तीनच्या सुमारास, अकरावीच्या प्रवेशाची झुंबड चालू असताना, खिशात मेसेज वाजला. 'तुमच्या नव्या ईमेल खात्याचा कोड' आणि पुढे सहा आकडे. मी कोणतंही खातं मागितलेलं नाही. माझा नंबर यांना दिला कोणी? तिथल्या तिथे पुसून टाकला. अर्ध्या तासाने आणखी एक आला. तोही पुसला.

पटले सरांना दाखवलं असतं, पण ते मुक्त शाळेच्या केंद्राच्या कामात होते. घरी येऊन कुसुमला सांगितलं की हे कंपनीवाले आता खिशापर्यंत आले. तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. घरात मोबाइल एकच आणि तो माझ्या खिशात, म्हणून हा ताप तिला कळत नाही.

३१ जुलै

विशेष काही नाही. पाऊस, धानाची रोवणी, बसला उशीर. कुसुम दुपारपासून जमुनाबाईकडे गेली ती दिवे लागल्यावर आली. आल्यावर जेवण नको म्हणाली. अंग दुखत असेल.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे घडलं ते जसं घडलं तसंच लिहितो.

पटले सर मुक्त शाळेची यादी घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आवकला नोंद हवी होती. मी नंबर टाकला, शिक्का मारला. ते गेले नाहीत.

"शहारेजी, बुरा मत मानना," ते हळू आवाजात म्हणाले. "वहिनीचं पाहून मले लयच वाईट वाटलं. तुमी ईमेलचे एवढे जाणकार, आन् घरच्याच फॉर्मकडे पाहिलं नाई?"

"कोणता फॉर्म?"

त्यांनी यादीवर बोट ठेवलं. कुसुम हिरालाल शहारे. चार वेळा. तारखा २४ जून, २८ जून, २ जुलै, ७ जुलै. पुढे ईमेलच्या रकान्यात चारही ठिकाणी खेमराज१९५६ आणि उघड्या डब्याचं नाव. शेवटच्या रकान्यात चारही ठिकाणी 'अपक्की'.

"पक्कं करायचा मेल चारदा धाडला त्यायनं, पन कोनी दाबलाच नाई," पटले सर म्हणाले.

खाली पाचवी ओळ होती. कुसुम हिरालाल शहारे, १ ऑगस्ट, 'पक्की'. मोबाइल नंबर जमुनाबाईचा. ईमेल नवा, खरा, पासवर्डवाला. नाव होतं कुसुमखेमराज.

"काल झालं हे," पटले सर म्हणाले. "येक दिवस आधी झालं असतं तर ऑक्टोबर भेटला असता. आता एप्रिल. फेब्रुवारीतली जागा तर गेली समजा."

मी म्हणालो की ही पद्धतच चुकीची आहे. चोवीस तासांची मुदत कशाला, मेलच्या विषयात अर्जदाराचं पूर्ण नाव का नाही, खेड्यातल्या बाईने काय करावं, मी वरपर्यंत लिहितो. पटले सर ऐकत होते. बोलता बोलता मला ऐकू आलं की मी काय बोलतो आहे, आणि थांबलो. चारही तारखा या रजिस्टरात आहेत, माझ्याच अक्षरात.

घरी आलो. भिंतीवरचा तक्ता होता तसाच होता, खाली लाल शाईत 'कोणालाही, कधीही देऊ नये'. तो काढला. कुसुम सांडग्या मिरच्या तळत होती. तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिने मिरची वाढली. मी खाल्ली.

४ ऑगस्ट, रविवार

बावीस वर्षं मी लोकांच्या नावाने बोटं मोडत आलो. खुलासे मागितले, ताकिदी दिल्या. स्वतःचा खुलासा कसा लिहितात ते मला येत नाही. आज सकाळी विहिरीपाशी तिला म्हणालो, "ते मेल मी पुसले."

"माईत हाय," ती म्हणाली. "तुमची चिठ्ठी भेटली होती ना."

"मग सांगितलं काऊन नाही? भांडली काऊन नाही?"

"तोंडानं सांगतलं होतं जूनमंदी. त्याचं काय झालं?" तिने बादली उचलली. "तुमी लिहून आलेलंच ऐकता. आन् त्या डब्यातून लिहून धाडता येत नाई. तुमीच लिवलं हाय तक्त्यात."

मला माझा राग आला आहे. हा राग कोणाला पत्र लिहून उतरणारा नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजातून आलो, माझा खरा ईमेल उघडला. टक्कल, प्लॉट आणि इंग्रजी यांच्या मधोमध एक मेल. पाठवणार कुसुमखेमराज. आज दुपारी पाठवलेला. जसाच्या तसा उतरवतो.

'आपले पत्र मिळाले. खुलासा पुढीलप्रमाणे. मी त्यांची सून. तीन वर्षे त्यांना पेपर वाचून दाखविला. न अडता वाचायला मला त्यांनीच शिकविले. दहावी कर असे त्यांनी मला सांगितले होते, तुमच्यासमोर. हाच संबंध आहे. पहिल्या डब्यातून उत्तर पाठवता येत नव्हते म्हणून उशीर झाला. जमुनाबाईची जागा आता दुसरीला मिळणार, तरी एप्रिलची परीक्षा मी देणार आहे. गणित कच्चे आहे. रोज संध्याकाळी सात ते आठ संगणक मला लागेल. कळावे. कुसुम.'

दोनदा वाचला. मग कागदावर उतरवून घेतला आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं, आवक क्रमांक एक. उत्तराची तारीख आजचीच टाकली.

ती आत कणीक मळत होती. सात वाजायला पाच मिनिटं होती. मी ईमेलचं पान बंद केलं, खुर्चीवरून उठलो आणि पलंगावरची गोधडी घडी करून खुर्चीवर ठेवली.